ब्रिस्बेनमध्ये जुनं लाकडी कामगार-घर घेतलंय? हातोडी उचलायच्या आधी त्याचा इतिहास असा काढा

पॅडिंग्टन, रेड हिल, वुलन्गाबा, नंडा असल्या भागात घर बघायला गेलात की एजंट प्रत्येक जुन्या लाकडी घराला 'क्वीन्सलँडर' म्हणतो, म्हणजे खांबांवर उभं, रुंद व्हरांड्याचं इथलं खास लाकडी घर. पण त्यातली कितीतरी घरं म्हणजे कामगारांनी पोटाला चिमटा काढून बांधलेली साधी कॉटेज असतात, चार खोल्या, पुढे छोटा व्हरांडा, वर पत्रा आणि खाली लाकडी खांब, ज्यांना इथे स्टंप म्हणतात. अशा घरात कोणी मोठा माणूस राहिलेला नसतो त्यामुळे त्याचा इतिहास कुठे तयार मिळत नाही, आपल्यालाच काढावा लागतो. आणि तो रिनोव्हेशनच्या आधीच काढायचा, कारण अर्धा पुरावा भिंतीतच असतो आणि एकदा भिंत पाडली की गेला.

१. आधी घर नीट बघा

कागदपत्रं नंतर. एक दुपार काढा, टॉर्च घ्या आणि घराखाली शिरा. स्टंपवर पत्र्याच्या टोप्या दिसतील, त्या वाळवीसाठी. वाळवी लाकडाच्या आतून गुपचूप वर चढू नये, टोपीला वळसा घालून बाहेरून यावी म्हणजे तिची मातीची वाट डोळ्यांना दिसते. स्टंप काँक्रीटचे असतील तर ते नंतर बदललेत असं समजायला हरकत नाही.

मग आत या. भिंत एकेरी फळ्यांची आहे का? उभ्या, एकमेकांत अडकवलेल्या फळ्या, ज्यांना सगळे व्हीजे म्हणतात, त्याच आतली भिंत आणि कधीकधी त्याच बाहेरचीही, लाकडी सांगाडा बाहेरून उघडा. हा स्वस्तातला पण हुशारीचा प्रकार होता, हवा गरम, लाकूड भरपूर, मग दुहेरी भिंतीचा खर्च कशाला. जमिनीवर फळ्यांचा रंग मध्येच पट्ट्यासारखा बदललेला दिसला तर तिथे पूर्वी भिंत होती. स्वयंपाकघरात मागच्या भिंतीला पत्र्याचा खोका बाहेर आलेला असेल तर ती चुलीची जागा, आग लागली तर घराला लागू नये म्हणून. व्हरांडा फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पातळ शीटने बंद केलेला असेल तर ते नंतरचं काम, आणि तिथे हात लावू नका, का ते शेवटी सांगतो. सगळ्याचे फोटो काढा, अगदी कंटाळवाण्या कोपऱ्यांचेही.

२. टायटल काढा

क्वीन्सलँडच्या टायटल ऑफिसमधून फी भरून जुनी टायटल, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदी, मिळतात. आपल्याकडे फेरफार बघतात तसंच, मागे मागे जायचं. लोक इथे एक घोळ घालतात, जमीन घेतल्याची तारीख म्हणजेच घराची तारीख असं धरतात. तसं नसतं, कामगार माणूस आधी तुकडा घ्यायचा आणि पैसे जमले की बांधायचा. म्हणून गहाणाच्या नोंदी बघा, त्या मला खरेदीच्या नोंदींपेक्षा जास्त कामाच्या वाटतात. १९०९ च्या वर्कर्स ड्वेलिंग्ज कायद्यानंतर ज्याच्याकडे जमीन आहे पण पगार कमी आहे अशा माणसाला सरकार घर बांधायला कर्ज द्यायला लागलं, नकाशेही सरकारी. त्यातलं पहिलं घर १९१० मध्ये नंडाला बांधलं, ते आज राज्याच्या हेरिटेज यादीत आहे. तुमच्या टायटलवर असं सरकारी गहाण दिसलं तर घर बहुतेक त्या गहाणाच्या तारखेच्या सुमाराचं.

प्लॉटचा आकारही बोलतो. १८८५ च्या कायद्याने १६ पर्चपेक्षा, म्हणजे साधारण ४०५ चौरस मीटरपेक्षा लहान तुकडे पाडायला बंदी आली. तुमचा प्लॉट त्याहून बराच लहान असेल तर तो आधीचा असू शकतो, पण नंतरही तुकडे पडलेत त्यामुळे एवढ्यावर उडी मारू नका.

३. माणसं शोधा

नाव मिळालं की स्टेट लायब्ररीत जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टरी बघा, रस्त्याप्रमाणे कोण कुठे राहत होतं ते त्यात असतं. मतदार यादीत धंदा पण लिहिलेला असतो, लेबरर, कारपेंटर वगैरे, आणि बाईसमोर बहुतेक वेळा नुसतं 'घरकाम', मग ती घरात बसून चार घरांची शिलाई करत असली तरी! घर नंबर मात्र जपून. १९२५ मध्ये वीस स्थानिक संस्था मिळून ग्रेटर ब्रिस्बेन झालं, एकाच नावाचे कितीतरी रस्ते निघाले आणि बऱ्याच रस्त्यांची नावं बदलली. त्यामुळे नंबरावर नाही, शेजाऱ्यांच्या क्रमावर भरवसा ठेवा.

४. ट्रोव्ह

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ही साइट फुकट आहे, स्कॅन केलेले जुने पेपर तिथे शोधता येतात. नुसता पत्ता टाकून फार काही मिळत नाही, आडनाव आणि रस्त्याचं नाव एकत्र टाका, स्पेलिंग बदलून बदलून टाका कारण स्कॅनिंगमध्ये अक्षरं चुकतात. जन्म, अंत्ययात्रा, भाड्याने देणे, हरवलेली गाय असल्या छोट्या जाहिरातींतच कामगाराचं घर सापडतं, बातमीत क्वचितच.

५. नकाशे आणि हवाई फोटो

मलनिस्सारणासाठी केलेले जुने डिटेल प्लॅन मिळवा, त्यात घराचा आकार, कुंपण आणि मागच्या कोपऱ्यातला संडाससुद्धा दाखवलेला असतो. १९४६ चे हवाई फोटो तर बघायलाच हवेत, कारण घर १९४७ च्या आधीचं आहे की नाही हे ठरवताना कौन्सिलही, म्हणजे इथली महापालिकाही, तेच बघते.

६. नियम

बऱ्याच जुन्या भागांत १९४७ आधीचं घर परवानगीशिवाय पाडता येत नाही, आणि १९११ किंवा त्याआधीच्या घरांना वेगळं, आणखी कडक संरक्षण आहे. हेरिटेज यादी ही याहून वेगळी गोष्ट, तिचे नियम वेगळे. तुमच्या पत्त्याला काय लागू आहे ते कौन्सिलच्या सिटी प्लॅन नकाशावर दिसतं, आर्किटेक्टला पैसे देण्याआधी ते बघून घ्या.

७. आता काम

फायब्रोमध्ये अॅसबेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यास घातक ठरणारे धागे, असू शकतं (त्याच्यावर पूर्ण बंदी २००३ च्या शेवटी आली), म्हणून स्वतः तोडू नका, परवानाधारक माणूस बोलवा. १९७० आधीच्या रंगात शिसं असतं असं धरूनच चाला, कोरडं सँडिंग अजिबात नाही, घरात लहान मूल असेल तर तर नाहीच. कुजलेली फळी असेल तर तेवढीच बदला, अख्खी भिंत नाही. आणि माझं एक स्पष्ट मत, साध्या कॉटेजला बाजारातून आणलेली नक्षीची लाकडी जाळी आणि कोरीव खांब लावून बंगला करू नका, ज्या घरावर नक्षी कधी नव्हती त्याला ती चिकटवली की घराचा इतिहास खोटा होतो. जुन्या फोटोत असेल तर जरूर लावा.

जमवलेल्या कागदांची एक फाइल करून स्थानिक इतिहास मंडळाला एक प्रत द्या, आणि घर विकलंत तर मूळ फाइल चावीसोबत नव्या मालकाच्या हातात.