युक्रेनमधल्या छोट्या डाव्या पक्षाचा इतिहास कसा मांडावा

गोव्यात पक्षाचा इतिहास म्हटला की आमदार किती आणि फुटलं कोण, एवढंच विचारलं जातं. मगोपुरतं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षापुरतं) ते चालतं. प्रोग्रेसिव्ह सोशलिस्ट पक्षावर राज्यशास्त्राचा प्रकल्प करताना मात्र सुरुवात टक्क्यांपासून करा.

वहीत पाच रकाने आखा: वर्ष, मतपत्रिकेवरचं नाव, टक्के, संसदेत जाण्यासाठी किमान टक्क्यांची अट, जागा. फुटीची नोंद एका ओळीत आटपते. १९९६ साली नतालिया वित्रेंको आणि वोलोदिमिर मार्चेंको मोरोझ यांच्या सोशलिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि हा पक्ष काढला.

१९९८: ४.०४ टक्के, अट ४ची. थोडक्यात निभावलं. संसदेच्या ४५० पैकी निम्म्या जागा पक्षांच्या यादीच्या, निम्म्या मतदारसंघांच्या होत्या, म्हणून जागांचा रकाना दुभागा.

२००२ आणि २००६ला पक्षाचं नाव शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा आघाड्या लढल्या. 'नतालिया वित्रेंको गट' (३.२२, अट ४) आणि 'जनविरोध' (२.९३, अट ३) असं शोधा. २००७ला पक्ष पुन्हा स्वतःच्या नावावर: १.३२.

सगळ्यात जास्त घोळ २००६च्या ओळीत होतो. सर्व पक्षांच्या मतांची बेरीज करून टक्केवारी काढली तर ती ३च्या किंचित वर जाते, आणि मग पक्ष बाहेर का राहिला ते कळत नाही. तिथे बाद मतं आणि 'सर्वांविरुद्ध' पडलेली मतंही एकूणात धरत. तशी धरली की सुमारे १७ हजार मतं कमी पडतात. आपल्याकडे विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी याहून जास्त मतदार असतात!

१९९९ची अध्यक्षीय निवडणूक या तक्त्यात घुसडू नका. वित्रेंकोंना जवळपास ११ टक्के मिळाले, चौथा क्रमांक आला. ती मतं बाईंची होती, पक्षाची ताकद नव्हे.

'डावा' एवढंच लिहून सोडू नका. नाणेनिधी आणि नाटोला विरोध, रशिया-बेलारूसशी जवळीक हेही लिहा. त्याशिवाय शेवट उलगडत नाही. २०२२च्या दोन नोंदी मात्र वेगळ्या ठेवा: मार्चमध्ये, युद्ध पेटल्यावर, युक्रेनच्याच राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या निर्णयानं कामकाज स्थगित झालं, बंदी त्यानंतर न्यायालयानं घातली.