रेपर्टरी चित्रपटगृहाचा हंगाम कसा आखावा

जुने आणि नवे चित्रपट एकत्र गुंफून तीन महिन्यांचा हंगाम आखायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच दिवशी एक चूक करतो: आवडत्या चित्रपटांची नावे तो कागदावर उतरवू लागतो. अशी यादी तासाभरात तयार होते आणि ती कुणालाही करता येते. रेपर्टरी चित्रपटगृहाचा, म्हणजे जुने-नवे निवडक चित्रपट आलटून पालटून दाखवणाऱ्या चित्रपटगृहाचा, हंगाम खेळांनी बनतो, आणि प्रत्येक खेळाला चार प्रश्न विचारावे लागतात: कोणता चित्रपट, कोणत्या प्रतीवरून, कोणत्या दिवशी आणि कोणत्या चित्रपटाच्या शेजारी. ज्या ओळीसमोर या चारही प्रश्नांची उत्तरे लिहिता येत नाहीत ती ओळ छापायला द्यायची नाही, हा नियम मी गेली अनेक वर्षे कटाक्षाने पाळत आलो आहे.

सुरुवात शेजारापासून करावी, कारण हंगामाचा खरा आनंद तिथेच आहे. बारा आठवड्यांच्या हंगामात तीनपेक्षा जास्त मालिका घेऊ नयेत आणि एका मालिकेत चार ते सहा चित्रपट पुरतात. ‘प्रेम’, ‘युद्ध’, ‘शहर’ असे व्यापक विषय टाळावेत. त्यांत काहीही बसते, म्हणून त्यांतून काहीच उलगडत नाही. एका चित्रपटाने दुसऱ्याला काय दिले हे प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी पकडता येईल अशी मालिका शोधावी. डग्लस सर्क यांचा ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५), त्यावरून सुचलेला फासबिंडर यांचा ‘अली: फिअर ईट्स द सोल’ (१९७४) आणि या दोघांचे ऋण उघडपणे मानणारा टॉड हेन्स यांचा ‘फार फ्रॉम हेवन’ (२००२) ही ओळ त्याचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या चित्रपटात विधवा आईच्या एकटेपणावर उतारा म्हणून मुले तिला टीव्ही भेट देतात आणि त्याच्या काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसतो. दुसऱ्यात आईने आपल्यापेक्षा कितीतरी लहान, परदेशी कामगाराशी लग्न केल्याचे कळताच मुलगा लाथ घालून तिचा टीव्ही फोडतो. पहिला चित्रपट ताजा असलेला प्रेक्षक त्या लाथेला दचकतो आणि लगेच ओळखीचे काही सापडल्यासारखा सावरून बसतो. ही ओळख होण्यासाठी दोन्ही खेळ एकाच आठवड्यात असावे लागतात. मधे महिना गेला की तो टीव्ही कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मालिका केवळ पत्रिकेवर उरते.

एकाच दिवशी जोडखेळ लावायचा असेल तर क्रमाचा विचार अधिक बारकाईने करावा. कुरोसावा यांचा ‘इकिरु’ (१९५२) आणि त्याच कथेवर काझुओ इशिगुरो यांनी पटकथा लिहिलेला ‘लिव्हिंग’ (२०२२) ही जुन्या-नव्याची जोडी कुणालाही सहज सुचेल. पहिला १४३ मिनिटांचा आहे, दुसरा १०२ मिनिटांचा. मधे अर्ध्या तासाचे मध्यंतर धरले तर प्रेक्षक चार तास पस्तीस मिनिटे आपल्या हवाली असतो. नवा चित्रपट आटोपशीर, रंगीत आणि आजच्या वेगाचा आहे, म्हणून तो आधी ठेवावा असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. ‘इकिरु’चा नायक चित्रपट संपायला बराच वेळ असतानाच मरण पावतो आणि उरलेला भाग त्याच्या शोकसभेत, सहकाऱ्यांच्या परस्परविरोधी आठवणींतून उलगडतो. चित्रपटाचे मर्म त्या लांब भागात आहे आणि तो ताज्या मनानेच पाहायला हवा. कथा आधीच कळलेला, दोन तास बसून अवघडलेला प्रेक्षक नेमका तिथे चुळबुळू लागतो. जुना आधी ठेवला तर नव्या चित्रपटात काय गाळले आणि काय हळुवार केले हे पाहण्याचे कुतूहल प्रेक्षकाला शेवटपर्यंत जागे ठेवते. जोडखेळात जुना चित्रपट पहिला, हा माझा सर्वसाधारण कौल याच अनुभवातून आला आहे.

नव्या चित्रपटांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास ठेवावे असे मला वाटते. त्याहून कमी ठेवले तर चित्रपटगृहाला संग्रहालयाची कळा येते, आणि जास्त ठेवले तर शेजारच्या कोणत्याही पडद्यापेक्षा आपण वेगळे उरत नाही. वेळापत्रकात मात्र चित्रपट-संग्रहालयांकडून येणाऱ्या प्रतींच्या तारखा आधी पक्क्या कराव्यात. त्या प्रती एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवास करत असतात आणि त्यांचे दिवस हलत नाहीत. नव्या चित्रपटांचे वितरक तारखा शेवटपर्यंत बदलतात, तेव्हा त्यांना उरलेल्या जागांत बसवणे सोपे जाते.

आता प्रतीकडे वळू. इथे नवखे आयोजक हमखास फसतात, कारण प्रत ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच प्रदर्शनाचे हक्क असतात असे ते गृहीत धरतात. बहुतेक जुन्या चित्रपटांच्या बाबतीत या दोन वेगळ्या वस्तू असतात आणि त्या दोन वेगळ्या दारांत उभ्या असतात. संग्रहालय आपल्याला प्रिंट उसनी देते; ती पडद्यावर दाखवण्याची परवानगी निर्मात्याकडून, त्याच्या वारसांकडून किंवा हक्क विकत घेतलेल्या वितरकाकडून वेगळी मिळवावी लागते, आणि पुष्कळ संग्रहालये ती लेखी परवानगी पाहिल्याशिवाय प्रिंट हलवत नाहीत. म्हणून दोन्ही पत्रे एकाच दिवशी पाठवावीत आणि हंगामाच्या किमान चार महिने आधी पाठवावीत. मूळ चित्रपटावरचा स्वामित्वहक्क संपलेला असला तरी त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत किंवा त्याला दिलेले नवे संगीत यांवर हक्क असू शकतो, हेही विचारून घ्यावे. घरी पाहण्यासाठी घेतलेली डिस्क सार्वजनिक खेळाला चालत नाही, हे खरे तर सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी ते विचारतेच.

पत्रात केवळ ‘चित्रपट मिळेल का’ असे विचारू नये. ३५ मिमी प्रिंट आहे की डिजिटल प्रत, ती कोणत्या साली काढली, चित्रपटाची कोणती आवृत्ती आहे आणि तिची लांबी किती, रंग कितपत उतरले आहेत, सबटायटल्स कोणत्या भाषेतली आहेत आणि ती चित्रावर छापलेली आहेत की वेगळी, चौकटीचे प्रमाण (रुंदी उंचीच्या किती पट) काय, हे सगळे एकदाच विचारावे. प्रमाणाचा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचा परिणाम शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतो. १.३७ प्रमाणात चित्रित केलेला जुना बोलपट १.८५च्या चौकटीतून दाखवला तर चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो, माणसे कपाळावर छाटली जातात, आणि दिग्दर्शकाने ती तशीच घेतली असावीत असे प्रेक्षकाला वाटते. आपल्या प्रक्षेपणकक्षात १.३७, १.६६, १.८५ आणि सिनेमास्कोप या चारही प्रमाणांच्या चौकटी आणि भिंगे आहेत की नाहीत हे यादी करण्याआधी पाहावे. ज्याची सोय नसेल त्या प्रमाणाचा चित्रपट त्या हंगामात घेऊ नये.

फिल्मवरून दाखवणार असाल तर आकडेमोड सोपी आहे. सेकंदाला २४ चौकटींच्या (म्हणजे फिल्मवरच्या सुट्या चित्रांच्या) वेगाने ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणून २००० फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटे चालते आणि दोन तासांच्या चित्रपटाची साधारण सहा रिळे होतात. बहुतेक संग्रहालये रिळे कापून एकमेकांना जोडू देत नाहीत, तेव्हा दोन प्रोजेक्टर आणि रिळाची अदलाबदल बिनचूक करणारा ऑपरेटर हवा. रीळ संपण्याच्या सुमारे ८ सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. संपायला सेकंदभर उरला असताना दुसरा ठिपका येतो, तेव्हा चित्र आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर न्यायचे. जुन्या प्रिंटांत रिळांच्या टोकांची झीज सर्वांत जास्त झालेली असते आणि हे ठिपके कधीकधी तुटून गेलेले असतात, म्हणून ते आहेत की नाहीत हे खेळाआधीच पाहून ठेवावे लागते.

हे पाहणे म्हणजे प्रिंट तपासणे, आणि त्यासाठी वेळापत्रकात खेळाच्या आदला पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. डबा उघडताच आधी वास घ्यावा: व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे, आणि ते लगेच पाठवणाऱ्याला कळवावे. मग रीळ बेंचवर चढवून, फिल्मच्या कडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरून, दुसऱ्या हाताने ते सावकाश फिरवावे. फाटलेले छिद्र किंवा उचकटलेला जोड डोळ्यांआधी बोटाला कळतो. बारीकशी खरखर होते, हात आपोआप थांबतो, आणि भिंगातून पाहिले की छिद्राच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी चीर दिसते. ती तिथल्या तिथे नोंदवावी: रीळ क्रमांक, सुरुवातीपासून किती फुटांवर, कोणत्या कडेला. असे एक रीळ तपासायला अर्धा तास सहज लागतो. हा अर्धा तास वाचवून फिल्म यंत्रात फाटू देणे म्हणजे सगळ्या जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या प्रतींपैकी एक बिघडवणे, आणि ती भरून देणे कुणाच्याही हातात नसते.

डिजिटल प्रतीला चीर पडत नाही, पण तिला कुलूप असते. डीसीपी म्हणजे चित्रपटगृहासाठी तयार केलेला चित्रपटाच्या फाइलींचा संच. कूटबद्ध डीसीपी उघडणारी केडीएम ही डिजिटल किल्ली चित्रपट चालवणाऱ्या एका ठरावीक सर्व्हरसाठीच तयार केलेली असते आणि ठरलेल्या तारखांमध्येच चालते. एका शुक्रवारी आमच्या उद्घाटनाच्या चित्रपटाची किल्ली बरोबर खेळाच्या वेळेपासून लागू होणारी आली. आदल्या दिवशी तालीम करता आली नाही, आणि सबटायटल्सची फाइल डीसीपीत आलेलीच नाही हे आम्हाला भरल्या सभागृहासमोर कळले. तेव्हापासून मी किल्ली मागताना ती खेळाच्या दोन दिवस आधी सुरू व्हावी आणि एक दिवस नंतर संपावी असे पत्रातच लिहितो, आपल्या सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र सोबत जोडतो, आणि आदल्या दिवशी पहिली दहा मिनिटे, मधली पाच मिनिटे आणि शेवट पडद्यावर पाहिल्याशिवाय घरी जात नाही.

मूकपट घेणार असाल तर वेग आधी विचारा. सेकंदाला २४ चौकटींनी तासाभरात संपणारा मूकपट १६ चौकटींनी दीड तास चालतो. म्हणजे वादकाची तयारी आणि पुढच्या खेळाची वेळ दोन्ही त्या एका आकड्यावर ठरतात.

प्रती आणि हक्क हाती आले की मगच तारखांचा तक्ता भरावा. प्रत्येक चित्रपटाचे किमान दोन खेळ हवेत, एक संध्याकाळी आणि एक सुटीच्या दिवशी दुपारी, कारण पहिल्या खेळाचे कौतुक ऐकून येणाऱ्यांना दुसरा खेळ मिळालाच पाहिजे. अडीच तासांहून मोठा चित्रपट कामाच्या दिवशी उशिरा लावू नये. उद्घाटनाला सर्वांना ठाऊक असलेला चित्रपट ठेवावा आणि त्याच आठवड्यात, लोकांचा उत्साह ओसरण्याआधी, त्याच मालिकेतला अनोळखी चित्रपट आणावा. ज्यांनी पहिला पाहिला ते दुसऱ्यावर विश्वास टाकतात. अनोळखी चित्रपट सगळेच्या सगळे हंगामाच्या शेवटी ढकलण्याची पद्धत मला अन्यायाची वाटते, कारण त्या आठवड्यांत सभागृह रिकामे राहते आणि मग दोष चित्रपटाला दिला जातो.

पत्रिकेतली टिपणे शंभर शब्दांच्या आत लिहावीत आणि प्रत्येकावर साल, देश, भाषा, लांबी, सबटायटल्सची भाषा आणि प्रतीचा प्रकार न चुकता द्यावा. ‘अजरामर कलाकृती’ असे लिहिल्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरून’ किंवा ‘३५ मिमी प्रिंटवरून, फक्त दोन खेळ’ या शब्दांनी तो तारीख टिपून ठेवतो. कथानक दोन वाक्यांत आटपावे आणि उरलेली जागा हा चित्रपट या हंगामात, या शेजाऱ्याबरोबर का आहे हे सांगायला वापरावी. खेळाआधी कुणी बोलणार असेल तर त्याला सात मिनिटे द्यावीत आणि शेवट न सांगण्याची विनंती आधीच करावी.

खेळ संपला की प्रिंट दुसऱ्याच दिवशी, आली होती त्याच बाजूने गुंडाळून, त्याच डब्यात परत रवाना करावी, कारण पुढच्या चित्रपटगृहाचा आदला दिवस आपल्या आजच्या दिवसावर अवलंबून असतो. तपासणीचा कागद डब्यात ठेवावा आणि आपण केलेला एखादा जोड असेल तर तोही त्यावर लिहावा. त्याची दुसरी प्रत आपल्या फायलीत, प्रेक्षकसंख्येच्या नोंदीशेजारी लावून ठेवावी.