आधी पॅक करायला शिका: मार्व्हल स्नॅपचे पहिले धडे

मिरजेत उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार आमच्या मेडिकलमध्ये गिऱ्हाईक औषधालाही सापडत नाही. त्या दोन तासांत मी, वय वर्षं 47, फोनवर मार्व्हल स्नॅप हा पत्त्यांचा गेम खेळते. शिकवलं भाच्यानं. त्यानं समजावलं ते निम्मं इंग्रजीत, माझ्या डोक्यात शिरलं ते मात्र मेंढीकोट आणि तीन पत्तीच्या भाषेत. तसंच सांगते.

गेम ऑक्टोबर 2022 मध्ये आला. एक डाव तीन-चार मिनिटांत आटोपतो. कॅट (गेमवाले त्याला डेक म्हणतात) फक्त 12 पानांचा, आणि एक पान एकदाच. पटावर तीन जागा असतात, त्यांना लोकेशन म्हणायचं. प्रत्येक जागेवर तुमची जास्तीत जास्त चार पानं बसतात. पानाच्या डाव्या कोपऱ्यात त्याची किंमत, उजव्या कोपऱ्यात पॉवर. शेवटी तीनपैकी दोन जागांवर ज्याच्या पॉवरची बेरीज जास्त, तो जिंकला.

डावात टर्न, म्हणजे पाळ्या, सहा. पानाची किंमत एनर्जीतून भरायची. पहिल्या टर्नला 1 एनर्जी मिळते, दुसऱ्याला 2, असं करत सहाव्याला 6. उरलेली एनर्जी एरवी पुढच्या टर्नला जात नाही, त्यामुळे हातात नुसती महागडी पानं आली तर पहिले तीन टर्न समोरच्याची गंमत बघत बसावं लागतं. मी केलंय ते. सगळे वजनदार गडी घेऊन उतरले होते, हल्क काय आणि काय काय! आता माझा हिशेब असा: 1 किमतीची दोन पानं, 2 ची तीन, 3, 4 आणि 5 ची प्रत्येकी दोन, 6 चं एकच. झाली बारा.

आणखी एक गणित. सुरुवातीला हातात तीन पानं येतात, मग दर टर्नला एक. म्हणजे एरवी सहाव्या टर्नपर्यंत नऊच पानं दिसतात, तीन कॅटमध्येच राहतात. आयर्न मॅन एकट्याची पॉवर शून्य, पण तो ज्या जागेवर बसतो तिथली तुमची बेरीज दुप्पट करतो. आधी 9 असतील तर 18. पण ‘तो येईलच’ या भरवशावर अख्खा कॅट बांधला, तर दर चार डावांत एकदा तोंडघशी पडणार.

पानांवरचे दोन शब्द पाठ करा. ‘ऑन रिव्हील’ म्हणजे पान उलटताच एकदा काम करणार आणि संपलं. ‘ऑनगोइंग’ म्हणजे पान पटावर आहे तोवर काम चालू. आयर्न मॅन ऑनगोइंगवाला. दोघंही एकाच वेळी पानं उपडी लावतात आणि मग ती उलटतात. जो पुढे असतो, म्हणजे त्या घडीला जिंकत असतो, त्याची पानं आधी उलटतात. नवख्याला हे कळत नाही, मलाही महिनाभर कळलं नव्हतं. शांग-ची नावाचं पान त्या जागेवरचे समोरचे मोठ्या पॉवरचे गडी उडवतं; पण तुम्ही पुढे असाल तर तुमचा शांग-ची आधी उलटणार, समोरच्याचा हल्क त्याच्यानंतर. उडवायला तिथं कोणीच नाही! कधीकधी पाचव्या टर्नला मुद्दाम थोडं मागे राहावं लागतं ते यासाठी.

जागांचे नियम हुकमासारखे डाव फिरवतात. पहिल्या टर्नला डावीकडची जागा उघडते, म्हणजे तिचा नियम दिसतो, दुसऱ्याला मधली, तिसऱ्याला उजवीकडची. एकदा दुसऱ्या टर्नला मी मिस्टी नाईट, किंमत 1 आणि पॉवर 2, न उघडलेल्या उजव्या जागेवर सहज टाकली. उघडल्यावर निघालं सँक्टम सँक्टोरम. तिथं नंतर पान लावता येत नाही. माझे दोन, समोरच्याचं शून्य. शेवटपर्यंत ती जागा माझीच राहिली. उलटही होतं म्हणा, पण 1 किमतीच्या पानावर हा जुगार परवडतो.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते. डाव एका क्यूबचा सुरू होतो; क्यूब म्हणजे पणाला लावलेले गुण. कोणी काही केलं नाही तरी शेवटी तो आपोआप दुप्पट, म्हणजे दोनचा होतो. वरच्या क्यूबवर बोट ठेवलं की ‘स्नॅप’, म्हणजे पणाला लागलेले क्यूब दुप्पट. पण ही वाढ पुढच्या टर्नला लागू होते. समोरच्यानं स्नॅप केलं की त्याच टर्नला ‘रिट्रीट’ दाबून तुम्ही जुन्या भावात बाहेर पडू शकता. क्यूबवरच तुमची रँक चढते-उतरते, किती डाव जिंकलात यावर नाही.

मला हे पचायला वेळ लागला. एकदा मधली जागा मी नवानं जिंकत होते, उजवी चारानं, डावी हरलेली. पाचव्या टर्नला समोरच्यानं स्नॅप केलं. मला वाटलं, घाबरवतोय. मीही स्नॅप केलं. एकाचे झाले चार, शेवटच्या टर्नला आठ. मी माझं पान उजवीकडे ठेवलं. त्यानं मध्ये हल्क टाकला, 12 पॉवर. गेले आठ क्यूब.

भाच्याला फोन केला तर तो हसला. “मावशी, दोन जागा हरत असताना तो स्नॅप करतोय म्हणजे हातात काहीतरी असणारच ना? तेव्हाच निघाली असतीस तर एकावर सुटली असतीस. दिवाळीत आजोळी तीन पत्तीला पॅक करायचीस ना?”

करायचे की! हातात सत्ता-दुर्री-चौका असताना मामाच्या चालीला कोण भिडणार? फोनवर मात्र उगाच इभ्रतीचा प्रश्न होऊन बसतो. तेव्हापासून पाचव्या टर्नला मी स्वतःला एकच विचारते: समोरच्यानं काय टाकलं तर मी हरेन? उत्तर एका पानाचं असेल तर थांबते. तीन-चार पानांचं असेल तर पॅक, म्हणजे रिट्रीट. स्वतः स्नॅप करायचं ते मात्र लवकर, तिसऱ्या-चौथ्या टर्नला, हात जमत आल्याचं फक्त आपल्याला दिसत असतं तेव्हा. शेवटी केलंत तर समोरचा शहाणा असेल तर पळतो.

पैशाचं थोडक्यात. पान अपग्रेड केल्यानं चौकट, चमक, चित्र बदलतं. पॉवर तीच राहते. दुकानात कितीही सुंदर हल्क दिसला तरी तो 12 च्या वर मारत नाही. पहिले काही आठवडे एक रुपयाही घालू नका. सुरुवातीला समोर बऱ्याचदा बॉट, म्हणजे माणूस नसून कॉम्प्युटर असतो, त्यामुळे सलग सात डाव जिंकलात तरी लगेच स्वतःला उस्ताद समजू नका.

टर्नला घड्याळ असतं आणि ते कोणासाठी थांबत नाही. परवा आठवा डाव रंगात आला होता, तेवढ्यात एक आजोबा बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन आले. रिट्रीट दाबलं, एक क्यूब गेला, आणि पट्टी हातात घेतली.