जिमच्या भंगारातून बाक, स्टूल, खाट: घरी वेल्डिंग सुरू करताना

खानदेशात जुन्या व्यायामशाळांना तोटा नाही. गावात एखादी तालीम, शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉलचे खांब, ग्रामपंचायतीशेजारी गंजलेली खुली व्यायामशाळा आणि शहरात मशिनी बदलत राहणाऱ्या जिम. यातलं बरंचसं शेवटी भंगारात जातं आणि किलोवर विकलं जातं. मी अमळनेर-पारोळा पट्ट्यातला. अंगणात पत्र्याची शेड टाकून या मालातून बाक, स्टूल, खाटा बनवतो. नवीन पोरं आली की पहिला प्रश्न ठरलेला: मशीन कोणतं घेऊ? मशीन नंतर बघू. जोड टिकणार की नाही, हे निम्मं भंगारच्या दुकानातच ठरतं, माल निवडताना.

खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस असणार. वेल्डिंगच्या साध्या रॉडचं ते काम नाही, सोडून द्या. चिकटलं म्हणजे सगळं जमलं असंही नाही. बेंच प्रेसचा, स्क्वॉट स्टँडचा चौकोनी पाइप बहुधा माइल्ड स्टीलचा, म्हणजे कमी कार्बनच्या पोलादाचा असतो, दोन मिलिमीटरच्या आसपास जाड. नवशिक्याला यापेक्षा चांगला माल मिळायचा नाही. वजनाच्या प्लेटा मात्र बऱ्याचदा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. बिडात कार्बन दोन-चार टक्के असतो, त्यामुळे साध्या रॉडने जोडलं की थंड होताना जोडाच्या कडेला तडा जातो. निकेलचा रॉड आणि आधी तापवणं हा उपाय आहे, पण घरगुती कामात तो परवडत नाही. मी प्लेटला वेल्ड करतच नाही. पाइपच्या खालच्या तोंडाला जाड पट्टी वेल्ड करायची, पट्टीला भोक पाडायचं आणि प्लेटच्या मधल्या भोकातून बोल्ट घालून मोठ्या वायसरने आवळायचं. स्टूलचा पाया हलत नाही. बारबेलचा दांडा कडक पोलादाचा. वेल्डशेजारी तो ठिसूळ होतो आणि भार आला की मोडू शकतो. कपडे टांगायची दांडी करा त्याची, खुर्चीचा पाय नको.

धातू ओळखू येत नसेल तर ग्राइंडर टेकवून ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटतात, बिडाच्या आखूड आणि लालसर पडतात. आठवडाभर निरनिराळ्या तुकड्यांवर हेच करत बसा. डोळा तयार होतो.

दोन वस्तूंना मात्र हात लावू नका. एक, गोळाफेकीचा गोळा. पुरुषांचा ७.२६ किलोचा असतो आणि काहींच्या पोटात शिसं भरलेलं असतं. कापायचा नाही, तापवायचा नाही. दुसरी, मशिनीतले गॅस भरलेले शॉक ॲब्सॉर्बर. आत दाब असतो, ग्राइंडर लावला तर फुटतात. आणि पाइप दोन्ही तोंडांनी बंद असेल तर वेल्डिंगआधी एक छोटं भोक पाडा, आतली तापलेली हवा बाहेर निघायला वाट पाहिजे.

व्हॉलीबॉलचे खांब म्हणजे बहुतेक जीआय पाइप. खाटेला मजबूत, पण वर जस्त असतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळतं पंधराशेच्या आसपास, म्हणजे लोखंड वितळायच्या आत जस्ताचा पांढरा धूर निघालेला असतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खा, दूध प्या, असं जुने कारागीर सांगतात. त्याने हा ताप टळत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जस्त घासून काढा, उघड्यावर काम करा, वारा पाठीकडून किंवा बाजूने येऊ द्या, धूर तोंडावर यायला नको. चकचकीत क्रोमचंही तसंच, फक्त त्याची धूळ आणि धूर जास्त वाईट, म्हणून घासतानाही चांगला मास्क हवा. रेग्झिन आणि फोम आधी उचकटून टाका. जळका फोम विषारी.

वेल्डिंगचं मशीन साधं सिंगल फेजचं, इन्व्हर्टर प्रकारचं घ्या. दोन मिलिमीटरच्या पाइपाला अडीच मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा रॉड आणि साठ ते ऐंशी अँपियर पुरतात. पाइप फुटून भोक पडायला लागलं तर करंट कमी करा आणि सलग ओढण्याऐवजी ठिपके-ठिपके द्या. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो. दोष मशीनचा नसतो. बारीक वायरचं एक्स्टेन्शन असेल तर तेही करंट खातं. लांब न्यायचं असेल तर चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर लागते, आणि अर्थिंग हवंच. पावसाळ्यात रॉडचं पाकीट उघडं टाकू नका.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हातमोजे घामाने ओले होतात आणि ओल्या हाताने होल्डरमधला रॉड बदलताना झटका बसतो. काम पहाटे करा, मोज्यांचे दोन जोड ठेवा, कपडे सुती. दुसरं म्हणजे कापूस. भाव वाढेल म्हणून तो कित्येक घरांत महिनोन्‌महिने पडून असतो, शेडमागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा ढीग असतो. ग्राइंडरची ठिणगी बरीच लांब जाते आणि आग लागलेली लगेच दिसत नाही. कापूस असलेल्या घराच्या ओट्यावर वेल्डिंग करायचंच नाही, मग कोणी कितीही घाई करो. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबून बघा.

डोळ्यांसाठी वेल्डिंगच्या मुखवट्याला दहा-अकरा नंबरची काच. तुमच्याशेजारी उभं राहून बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांनाही आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, लागतो आणि रात्री वाळू गेल्यासारखं टोचतं. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

पहिलं काम बाकाचं घ्या. बेंच प्रेसचा सांगाडा अर्धा तयारच असतो, बसायची उंची अठरा इंच ठेवा. चारही पाय एका मापाचे कापा, चौकट फरशीवर मांडा, कोपऱ्यांना फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे; टाका असताना हातोडीच्या दोन ठोक्यांत सरळ होते, पूर्ण वेल्ड झाल्यावर होत नाही. मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरा. एकाच कोपऱ्यात रेटलं की लोखंड त्या बाजूला ओढलं जातं. वरची काळी खपली चिपिंग हातोडीने झाडा. खाली माशाच्या खवल्यांसारखी ओळ दिसली तर बरं, छिद्रं दिसली तर घासून पुन्हा.

तपासणीला माझ्याकडे शेजारचे आबा आहेत, वजन नव्वदच्या पुढे. बाक बघून आधी म्हणतात, 'याना वर कोन बठी भो?' आणि मग धप्पकन बसतात. मी त्या वेळी बाकाकडे नाही, जोडांकडे बघतो. एखादा पाय अधांतरी असेल तर उरलेले तीन घासत बसू नका. लांब पाय शोधून तोच घासा, खाली रबरी बूच बसवा. मग रेड ऑक्साइडचं अस्तर, वर इनॅमल रंग.

माल घेताना पावती घ्या. शाळेचं, ग्रामपंचायतीचं साहित्य निर्लेखन (दप्तरातून रीतसर कमी करणं) आणि लिलाव झाल्याशिवाय उचलायचं नाही; सरपंच ओळखीचे असले तरी नाही. विकायची घाई नको. पहिलं वर्षभर कुंडीचे स्टँड, चपलांचे रॅक, स्टूल करा. माणूस टेकून बसेल अशी खुर्ची विकायला काढू नका. किंमत लावताना रॉड, कटिंग व्हील, रंग आणि वीज धरा. घासायचा वेळ नवीन पोरं हटकून विसरतात आणि या मालात निम्मा वेळ तिथेच जातो. पुढे यात नोकरी करायची असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. फॅब्रिकेशनवाले आधी सर्टिफिकेट विचारतात, मग एक तुकडा देऊन म्हणतात, लावून दाखव.