शोध अपुरा असताना स्थिर नोकरी चालून आली, तर निर्णय कसा घ्यावा

नोकरीचा शोध चालू असताना, अगदी मनाजोगती नसली तरी स्थिर अशी एखादी नोकरी समोर येते आणि होकार कळवण्यासाठी चार-पाच दिवसांची मुदत मिळते. अशा वेळी बहुतेक जण तिची तुलना मनातल्या उत्तम नोकरीशी करतात आणि चूक तिथेच होते. कारण ती उत्तम नोकरी अजून कोणी देऊ केलेली नसते. तुलना करायची ती पुढच्या काही महिन्यांत खरोखर मिळण्याजोग्या नोकरीशी, आणि तीही वाट पाहण्याचा खर्च वजा करून.

हा खर्च कागदावर मांडून पाहावा. समजा, आज दरमहा ४० हजारांची नोकरी हातात आहे आणि चार महिने थांबल्यास ५० हजारांची मिळेल असे वाटते. थांबल्यामुळे १ लाख ६० हजारांचे उत्पन्न बुडते; नंतर दरमहा १० हजार जास्त मिळाले, तरी ती तूट भरून निघायला १६ महिने लागतात. ५० हजारांची शक्यता निम्मीच असेल, आणि ती हुकल्यास पुन्हा ४० हजारांवरच यावे लागणार असेल, तर सरासरीने हाच काळ ३२ महिन्यांचा होतो. शक्यता किती, हे मात्र आशेवरून ठरवू नये. गेल्या दोन-तीन महिन्यांत किती अर्ज केले, त्यांतून किती मुलाखती झाल्या आणि किती ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलो, हे आकडे त्याबाबत बरेच काही सांगतात.

दुसरा हिशेब शिलकीचा. हातातली बचत भागिले महिन्याचा आवश्यक खर्च, म्हणजे आपण किती महिने तग धरू शकतो. या आकड्यातून निवड प्रक्रियेला आणि पहिला पगार हाती येण्याला लागणारा काळ वजा करावा; उरलेला काळ दोन-तीन महिन्यांहून कमी असेल, तर माझ्या मते नकार देण्याची चैन परवडणारी नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅकॉल यांनी १९७० मध्ये नोकरीच्या शोधाचे एक प्रारूप मांडले. शोधणाऱ्याने वेतनाची एक किमान पातळी ठरवावी, त्या पातळीला पोहोचणारा पहिला प्रस्ताव स्वीकारावा आणि खालचे नाकारावेत, हा त्याचा गाभा. शोधाचा खर्च वाढला की ही पातळी खाली येते. ती प्रस्ताव येण्याआधीच लिहून ठेवलेली बरी, कारण मुदत सुरू झाल्यावर भीती आणि हाव दोन्ही मापात फेरफार करतात. (पहिले ३७ टक्के पर्याय नाकारावेत आणि त्यानंतर त्या सर्वांहून सरस असा पहिला पर्याय घ्यावा, हा गणिती नियम अनेकदा ऐकवला जातो. तो ज्या कोड्यातून आला, त्यात एकूण पर्यायांची संख्या आधीच ठाऊक असते, थांबण्याचा खर्च शून्य असतो आणि सर्वोत्तमाखेरीज कशालाच मोल नसते. यांतली एकही अट इथे लागू पडत नाही.)

आतापर्यंत स्वीकारणे आणि थांबणे असे दोनच पर्याय धरले. प्रत्यक्षात तिसराही असतो: रुजू होऊन शोध चालू ठेवणे. त्यात उत्पन्न बुडत नाही, शोधाचा वेग मात्र मंदावतो. म्हणून पगाराइतकीच बारकाईने नोकरीतून बाहेर पडण्याची वाट तपासावी. नोटीस पीरियड किती, प्रोबेशनच्या काळात तो कमी आहे का, ठरावीक काळ थांबण्याचा बाँड आहे का, सोडताना प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागतो का, सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करण्यास बंदी आहे का? या गोष्टी ऑफर लेटरमध्ये किंवा करारात शोधाव्यात आणि न सापडल्यास लेखी विचाराव्यात. तीन महिन्यांचा नोटीस पीरियड आणि बाँड असलेली नोकरी ‘तूर्तास’ म्हणून स्वीकारता येत नाही; तिथे पूर्ण निर्णय घेतल्यासारखेच वागावे लागते. कामाचे तास इतके असतील की मुलाखतीची तयारी दूरच, अर्ज भरायलाही वेळ उरणार नाही, तर हा तिसरा पर्याय केवळ नावापुरता राहतो. काम आपल्या क्षेत्राबाहेरचे असेल, तर दोन वर्षांनंतर आपल्या अनुभवाकडे कसे पाहिले जाईल, हेही विचारात घ्यावे.

मुदत वाढवून मागण्यात गैर काही नाही. आभार मानून, नेमकी तारीख सांगून आठवडाभराचा अवधी लेखी मागावा. त्याच दिवशी, जिथे मुलाखतीच्या पुढच्या फेऱ्या बाकी आहेत तिथे, ‘माझ्याकडे एक प्रस्ताव असून अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे, आपला निर्णय त्याआधी कळू शकेल का?’ असे कळवावे. हातात नसलेला प्रस्ताव मात्र सांगू नये. एखादी कंपनी एक दिवसही वाढवून देण्यास तयार नसेल, तर तिथे पुढे कसे वागवले जाईल याचा थोडा अंदाज त्यातूनच येतो.

होकार दिल्यावर दुसरीकडून अधिक चांगला प्रस्ताव आला, तर रुजू होण्याआधी माघार घेता येते का? कराराच्या अटी आड येत नसतील, तर येते; पण त्या जागेसाठीच्या इतर उमेदवारांना बहुधा तोवर नकार गेलेला असतो आणि त्या क्षेत्रात आपले नाव लक्षात राहते. म्हणून माघार घ्यायचीच असेल, तर निर्णय होताच फोन करून आणि पाठोपाठ लेखी कळवावे. रुजू होण्याच्या दिवशी गप्प बसून गैरहजर राहू नये.