प्रतिसाद उडवण्याआधी: नव्या मॉडरेटरांसाठी थोडं अनुभवाचं

ऑनलाइन चर्चामंचावर मॉडरेटरचे, म्हणजे प्रतिसादांवर लक्ष ठेवणाऱ्याचे, अधिकार हातात आले की नवा माणूस आधी शिव्या शोधत सुटतो. ते काम सगळ्यात सोपं, शब्दांची यादी दिली तर फिल्टरही करतो. खरी पंचाईत होते ती एकही वावगा शब्द न वापरता लिहिलेल्या विखाराची, आणि मुद्द्याचं पण उर्मटपणे बोलणाऱ्याची.

समजा, स्थलांतरावर चर्चा चालू आहे. एक जण लिहितो, ‘कृपया गैरसमज नसावा, पण हे लोक जन्मजातच अप्रामाणिक असतात, असं माझं नम्र मत आहे.’ त्यावर दुसरा: ‘मूर्खा, आधी आकडे बघ, मग बोल,’ आणि खाली खरोखरच आकडे देतो. तक्रारी येतात त्या बहुतेक दुसऱ्याबद्दल, कारण ‘मूर्खा’ डोळ्यांत खुपतं. मी यातला पहिला प्रतिसाद उडवतो. दुसऱ्याला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो की तेवढा शब्द काढा, आकडे राहू द्या. तो शब्द मी स्वतः काढत नाही. दुसऱ्याच्या नावावरचा मजकूर मॉडरेटरने बदलू नये. पुढे त्याचाच वाद होतो.

तोच पहिला सदस्य ‘स्थलांतरावर कडक मर्यादा हव्यात’ एवढंच म्हणाला असता, तर अर्ध्या सदस्यांना न पटूनही तो प्रतिसाद राहिला असता. मत धोरणाबद्दल आहे की माणसांच्या जन्माबद्दल, हे मी आधी बघतो. सगळी प्रकरणं यात बसत नाहीत, पण बरीच बसतात. ‘मी फक्त प्रश्न विचारतोय’ म्हणत रोज तीच काडी टाकणारे मात्र बसत नाहीत. तिथे एक प्रतिसाद बघून काही कळत नाही, त्या आयडीचं मागचं लिखाण चाळावं लागतं. उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न नव्या धाग्यावर, म्हणजे नव्या चर्चेत, येत असेल, तर त्याला उत्तर नकोच असतं.

धागा पेटतो तो बहुधा सुरुवातीलाच. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी 2017 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: मूड खराब असेल आणि वर आधीच कुणी तरी वेडंवाकडं लिहिलेलं असेल, तर साधी माणसंही तसंच लिहायला लागतात. म्हणून पहिले काही प्रतिसाद जागरूकपणे वाचा. पन्नासाव्या प्रतिसादानंतर समजूत घालण्यात अर्थ नसतो, तेव्हा धागा वाचनमात्र करणंच बरं.

नियम कुठल्या तरी कोपऱ्यातल्या पानावर टाकून उपयोग नाही. संशोधक नेथन मॅटियास यांनी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या विज्ञानविषयक समूहात चर्चेच्या माथ्यावरच नियम लावून पाहिले. नव्या सदस्यांचं नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्के-बिंदूंहून जास्त वाढलं, वर त्यांचा सहभागही वाढला (2019). ‘नियम दाखवले की लोक बिचकून पळतात’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हेच ऐकवतो.

प्रतिसाद उडवलात तर कारण द्या, एका ओळीत आणि कुठल्या नियमाखाली ते सांगून. ‘अयोग्य’ एवढंच लिहिलंत तर पुढचा आठवडा ‘मुस्कटदाबी’ या विषयावर नवे धागे येतील. कारण दिल्यावरही काही येतात, ते सोडून द्या.

ज्या वादात तुम्ही स्वतः हिरिरीने लिहिताय, तिथे अधिकार वापरू नका, सहकाऱ्याकडे सोपवा. तुमच्या बाजूचा उद्धटपणा तुम्हाला नेहमीच ‘परखड’ वाटणार. बंदीविरुद्धची दाद ऐकायलाही बंदी घालणाऱ्याखेरीज दुसरं कुणी तरी असावं.

डुआयडीच्या, म्हणजे एकाच माणसाने दुसऱ्या नावाने काढलेल्या आयडीच्या, शिकारीत फार रमू नका. ओळख लेखनशैलीवरून पटते, पण ती पुरावा नव्हे. नव्या आयडीने नियम मोडला तर त्या मोडण्यावरच कारवाई करा.

आणि तुम्हालाच उद्देशून लिहिलेल्या शिवीगाळीवरची कारवाई तुम्ही करू नका. स्क्रीनशॉट काढा, सहकाऱ्याला कळवा आणि लॉग आउट करा. तोवर चारजण तुमची बाजू घेऊन तितकंच घाण लिहून गेलेले असतील, त्यांचेही प्रतिसाद उडवायला सांगा.