पिस्तुलाला रात्री चमकणारी साइट (नेम धरायची खूण) घेताय? या चुका टाळा

फौजेतून निवृत्त होऊन औशाकडे शेती करायला लागलो, तेव्हापासून ओळखीतले शस्त्र परवानाधारक सल्ला विचारायला येतात. मागच्या दिवाळीत एक पाहुणा रिव्हॉल्व्हर घेऊन आला. पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या फोरसाइटवर, हिरवं रेडियम चिकटवलेलं. "तात्या, लई चमकतंय की!" गोळ्या काढून ठेवायला लावल्या आणि दिवे मालवले. काहीच दिसेना.

रेडियमवाल्याच्या दुकानातलं ते स्टिकर स्वतः उजळत नाही. उजेड जिकडून येतो तिकडेच ते परतवतं. उसाच्या ट्रॉलीला मागून गाडीचे दिवे लागले की लखलखतं ते यामुळेच. काळोखात ते नुसतं प्लास्टिक.

दिसायला एकसारखी, काम वेगळं

फायबर ऑप्टिकमध्ये रंगीत धागा असतो. आजूबाजूचा उजेड गोळा करून तो टोकाशी ठिपका दाखवतो. दिवसा आणि तिन्हीसांजेला झकास, पण उजेड संपला की ठिपकाही संपला. चमकणारा रंग बॅटरीच्या उजेडात भरून घ्यावा लागतो. सुरुवातीला झगझगीत दिसतो आणि मग उतरत जातो. ट्रिटियमचं तसं नाही. इवल्याशा काचनळीत हा वायू भरलेला असतो, त्याच्या किरणांनी आतला लेप रात्रंदिवस उजळत राहतो. ट्रिजिकॉन, मेप्रोलाइट या कंपन्यांची नावं ऐकता, त्यांच्या रात्रीच्या साइट याच जातीच्या. किरणं इतकी दुबळी की कातडीही भेदत नाहीत. तरीही पदार्थ किरणोत्सर्गी आहे, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांत येतो. परदेशातून गुपचूप पार्सल मागवायच्या भानगडीत पडू नका.

जुन्या साइटवर तारीख बघा. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. २०१२ ची साइट स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारू नका, तिचा निम्म्याहून जास्त जीव गेलाय. रंगांत हिरवा घ्या, अंधारात माणसाच्या डोळ्याला तोच जास्त उजळ दिसतो.

विकणारा ट्रिटियम म्हणतोय पण खात्री वाटत नाही? साइट सुटी असतानाच रात्रभर बंद स्टीलच्या डब्यात ठेवा. पहाटे अंधारातच डबा उघडा. रंग असेल तर विझत आलेला दिसेल, ट्रिटियम होतं तसंच असेल. मात्र त्याआधी मोबाइल बघू नका. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

व्हिडिओ बघून ऑर्डर

व्हिडिओतली पिस्तुलं बहुतेक ९ एमएमची असतात. ते बोअर (नळीच्या व्यासाचं माप) आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला बंद आहे. आपल्या लोकांकडे जास्त करून कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर. त्याला मागे नुसती खाच असते, सरकवून बदलायची बॅकसाइट नसतेच. ग्लॉक पिस्तुलाची साइट त्यावर बसवायची कुठं? अशा रिव्हॉल्व्हरला माशी स्पिरिटने पुसून आधी पांढरा रंग आणि त्यावर चमकणारा रंग, एवढं पुरे. पांढऱ्यामुळे वरचा रंग जास्त उठतो.

ज्यांच्या पिस्तुलाला साइट बदलता येते त्यांनीही घरी हातोडी घेऊ नये. काचनळी तडकते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडेही नको. बदलल्यावर गोळी खाली लागतेय तर नवी फोरसाइट उंच आहे. डावीकडे जातेय तर बॅकसाइट उजवीकडे सरकवायची, फोरसाइट असेल तर उलट.

तिन्ही ठिपके (पुढे एक, मागे दोन) एकाच तेजाचे घेणं ही आणखी एक चूक. घाईत पुढचा ठिपका मागच्या दोघांच्या मधे न येता बाजूला जातो. रांग सरळ दिसते आणि नळी भलतीकडेच. पुढचा ठळक, मागचे मंद किंवा काळेच, अशी जोडी बरी.

ठिपका दिसला म्हणजे समोरचं दिसलं, असं समजणं

यात मीही फसलोय. पाण्याच्या मोटारीला रात्रीची लाइट होती, दोनच्या सुमाराला उसात खसखस झाली. पिस्तूल काढलं, तिन्ही ठिपके कसे ओळीत! मग बॅटरी मारली, तर शेजारचा सालगडी, पाण्याचं दार फोडायला आलेला. ठिपके मला माझं पिस्तूल दाखवत होते, तो माणूस नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, पण कोण आहे हे न बघता झाडलेल्या गोळीला ती कलमं तारतील या भरवशावर राहू नका. आता डाव्या हातात बॅटरी असते आणि बांधावरूनच ओरडतो, "कोण हाय रं?" बॅटरी चांगली घ्या, साइट नंतर. पाचशे-हजारात भागतं.

साफसफाईबद्दल थोडं. पिस्तुलाच्या नळीतला मळ काढायचं सॉल्व्हंट साइटवर सांडू देऊ नका, ठिपक्याभोवतीचा रंग आणि डिंक सुटतो. मऊ फडकं पुरतं. ठिपका मंद वाटला तर आधी पुसून बघा, आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ कुठंही बसते.